लोकराख्याची तिवई

एका राज्यात कोंबडा फुकट आरवत नसे.

पहाटे तो कुडावर चढे, मान ताठ करी आणि घरधनी मूठभर दाणे घेऊन येईपर्यंत चोच मिटून बसे. दाणे पडले की आरवे, मग उजाडे. ज्या आळीत दाणे टाकायला उशीर होई, त्या आळीत उजाडायलाही उशीर होई. विहिरीत गुळाचा खडा टाकल्याशिवाय पोहरा भरत नसे. तेल दाखवल्याशिवाय दार उघडत नसे. चूल तुपाचा थेंब मागे. भर उन्हात कुणी झाडाखाली टेकलं तर सावली दोन हात लांब सरके आणि तिथून बघत राही, हा आता काय देतो म्हणून.

लोकांना याची सवय झाली होती. शापाची सवय झाली की तो रीत वाटू लागतो.

शाप पडला त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हा एक किडकिडीत माणूस खांद्यावर घोंगडी टाकून उत्तरेच्या वेशीतून आत आला. नाकेदार म्हणाला, घोंगडी तपासायला हवी, ठेवून जा. माणूस ठेवून गेला. परत मागायला आला, तर घोंगडी नाही. तो कोतवालाकडे गेला, कोतवालाकडून प्रधानाकडे गेला, आणि शेवटी लोकराख्याकडे गेला. लोकराखा म्हणजे राजाच्या चाकरांवर नजर ठेवायला राजानंच नेमलेला माणूस. लोकांचं गाऱ्हाणं त्यानं ऐकावं, चाकर चुकला असेल तर त्याला जाब विचारावा. लोकराख्यानं त्या माणसाला बसायला दिलं, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि गाऱ्हाणं चौकशीसाठी नाकेदाराकडेच धाडून दिलं.

तो माणूस मांत्रिक होता. तो भर चौकात उभा राहिला आणि म्हणाला, “इथली माणसं वागतात तसंच इथलं सगळं वागो. कुणाचाच नसलेला लोकराखा ज्या दिवशी माझी घोंगडी मला देववेल, त्या दिवशी हे सुटेल.” मग तो वेशीबाहेर जाऊन बसला आणि उन्हातसुद्धा कुडकुडत राहिला.

राजा धैर्यकेतू वाईट नव्हता. गोंधळलेला होता. त्यानं एकामागून एक तीन लोकराखे नेमले. पहिला त्यानं स्वतः निवडला, तर राजाला जेवढं दिसे तेवढंच त्याला दिसे. दुसऱ्याचं ताट राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून जाई. त्यानं एके दिवशी मुदपाकखान्याचीच चौकशी काढली, त्या दिवशी ताट आलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं चौकशी काढली नाही. तिसरा खरोखर चांगला निघाला. सकाळी त्यानं प्रधानाला एक प्रश्न विचारला आणि दुपारी त्याची बदली डोंगरी किल्ल्यावर कबुतरं सांभाळायला झाली.

राजानं पुष्कळ विचार केला. मग तो दरबारात म्हणाला, “तीन माणसं बदलली. खुर्ची मात्र तीच होती. तेव्हा दोष खुर्चीचा.” दरबाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि धाकोजी सुताराला बोलावणं गेलं.

धाकोजी सुतार पन्नाशी ओलांडलेला. बायको मागेच गेली होती. एकुलती लेक येसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिला बारावा महिना चालू होता. नववा गेला, दहावा गेला, मूल काही बाहेर येईना. शेजारची ठकूबाई पंचक्रोशीतली सुईण. कुणाच्या घरी काय शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या सुनेनं कुठलं लुगडं लपवून ठेवलं, तिला सगळं ठाऊक. तिनं येसाच्या पोटाला कान लावला आणि बराच वेळ हललीच नाही.

“काय म्हणतंय?” धाकोजीनं विचारलं.

“म्हणतंय, माझं काय?”

बाकीची पोरं मधाच्या बोटावर बाहेर येत, म्हणून त्यांनी मध कबूल केला, मग वाळे कबूल केले, सागाचा पाळणा कबूल केला. मूल सगळं ऐकून घेई आणि पुन्हा विचारी, आणि माझं काय? ठकूबाई म्हणाली की पोरानं पोटात बारा महिने दुसरं ऐकलंय काय, त्याला वाटतंय जगात असंच असतं. मग तिनं धाकोजीला ओटीवर नेलं आणि आवाज खाली करून सांगितलं, “पौर्णिमेपर्यंत सुटका झाली नाही तर येसाच्या अंगात बळ उरायचं नाही. पुढचं मी बोलत नाही.”

पौर्णिमेला अकरा दिवस होते. अशात राजाचं बोलावणं आलं.

राजा सिंहासनावर जरा मागे रेलून बसला होता. म्हणाला, “धाकोजी, असं आसन घडव की त्यावर बसणारा कुणाचाच नसेल.”

धाकोजीला काही समजलं नाही. त्यानं कानामागचा गेरूचा खडा काढला, परत ठेवला. “महाराज, मी खुर्ची करतो. बसणारा ज्याचा असतो त्याचाच असतो. त्याला खुर्ची काय करणार?”

“ते आम्हालाही समजत नाही,” राजा म्हणाला. “म्हणून तर तुला बोलावलं. शाप सुटला की सगळंच सुटेल.”

या शेवटच्या शब्दावर धाकोजी थांबला. सगळंच सुटेल म्हणजे येसाही सुटेल. त्यानं मुजरा केला आणि हो म्हणाला.

बाहेर देवडीत प्रधान उभा होता. त्यानं गाठी मारलेली एक दोरी धाकोजीच्या हातात ठेवली आणि हे माप म्हणून सांगितलं. त्या राज्यातल्या सुतारांचा कडक नेम होता, बसणाऱ्याचं माप घेतल्याशिवाय बैठक करायची नाही. गुडघ्याची उंची, मांडीची लांबी, कमरेचा घेर, प्रत्येकाची एक गाठ. दोरी कुणाची, हे धाकोजीनं विचारलं नाही. माप मिळालं यातच त्याला हायसं वाटलं, कारण आख्ख्या प्रकरणात तेवढीच एक गोष्ट त्याला समजली होती. दोरी त्यानं पागोट्यात खोवली.

घरी परसात शेवग्यावर एक सुतारपक्षी राहत असे. तो बोलत असे, पण दर उत्तराला एक अळी घेई. धाकोजीनं जुन्या ओंडक्यातून अळ्या काढल्या आणि विचारलं.

“भाऊबंद,” पक्षी म्हणाला, “चार पायांची खुर्ची कुठल्या जमिनीवर डुगडुगत नाही?”

“सपाट.”

“आणि तीन पायांची तिवई?”

“ती कुठल्याच जमिनीवर डुगडुगत नाही.”

“मग तिवई कर.” त्यानं अळी गिळली. दुसऱ्या अळीवर तो म्हणाला की तिन्ही पायांचं लाकूड राजाच्या बागेतलं नको, राजाची झाडं राजा आला की वाकतात. तिसऱ्या अळीवर त्यानं तीन झाडं सांगितली. तिघाजणांच्या भांडणातला साग, कुणाचं पाणी न पिणारा खैर, आणि का म्हणून विचारणारी बाभूळ. त्याच झाडांची लाकडं का, हे विचारायला धाकोजीकडे अळी उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. ठकूबाईनं शिदोरी बांधून दिली आणि येसाजवळ मी आहे म्हणाली.

साग तीन गावांच्या शिवा मिळतात तिथं उभा होता. तिन्ही गावं म्हणत, आमचा. त्यामुळे शंभर वर्षांत त्याची काटकीही कुणी मोडली नव्हती. धाकोजीनं पहिल्या गावच्या पाटलाला विचारलं. त्यानं आनंदानं हो म्हटलं. धाकोजीनं फांदी तोडली, तर फांदी उठली आणि चालत चालत त्या पाटलाच्या अंगणात जाऊन पडली. तो दुसऱ्या दिवशी दोन पाटलांना विचारून आला. फांदी मधोमध चिरली आणि दोन अर्ध्या दोन वाटांनी गेल्या. धाकोजी झाडाखाली बसला. सावली दोन हात लांब सरकली. त्याला वाटलं, आपण सुतार आहोत की कोण आहोत?

तिसऱ्या दिवशी त्यानं तिन्ही पाटलांना निरोप धाडला की बाकीचे दोघं फांदी द्यायला येणार आहेत. खोटं काही नव्हतं, बाकीच्या दोघांनाही हाच निरोप होता. तिघंही धावत आले. एकमेकांच्या हातात कुऱ्हाड द्यायला कुणी तयार होईना, म्हणून तिघांनी एकच कुऱ्हाड धरली आणि एकमेकांकडे डोळे वटारून एकच घाव घातला. एकाचाही दुसऱ्यावर विश्वास नव्हता. फांदी खाली पडली आणि पडली तिथंच राहिली. कुणाकडेही गेली नाही.

“आता या लाकडाच्या आसनावर बसणारा कोण, तेही तिघं मिळूनच ठरवू,” थोरला पाटील म्हणाला. “मी नाही तर ते दोघं आपलाच बसवतील.”

दुसऱ्या दोघांनी तेच त्याच्याबद्दल म्हटलं. धाकोजीनं फांदी खांद्यावर घेतली.

खैर काळ्या कड्यावर होता. राज्यातली बाकी सगळी झाडं राजाच्या पाटाचं पाणी पीत. खैराखाली खडकातच एक झरा होता, आणि बुंध्याला वेटोळं घालून एक नाग बसला होता.

“तिवईचा हा पाय इथून नेलास तर याला पाणी कोण घालील?” नागानं विचारलं.

“राजा.”

“मग तो राजाचा होईल. जा.”

धाकोजी परत फिरला, पुन्हा आला. “मी घालीन.”

“तू किती वर्षं जगशील?”

 धाकोजी आपला घरचं बोलू लागला. म्हणाला, सुगी झाली की आमच्यात आधी बियाणं काढतात. दाणे घरात यायच्या आत. ते वेगळ्या कणगीत जातं. मग पाऊस न पडो, पोरं उपाशी राहोत, त्या कणगीला घरधनीसुद्धा हात लावत नाही. ते कुणाला मागावं लागत नाही आणि कुणाला नाकारता येत नाही. याचं पाणी तसं काही करता आलं तर बघा, मला यातलं फारसं समजत नाही.

नागानं मान वळवून झऱ्याकडे बघितलं. मग त्यानं वेटोळं सोडलं.

बाभळीपाशी पोचायला दोन दिवस लागले, आणि तिथं धाकोजीची सगळ्यात फजिती झाली. मेंढरं चारणाऱ्या बायकांचा तळ तिथं पडला होता. धाकोजीनं फांदी तोडायला वाकस उगारला. बाभूळ म्हणाली, “का?” तो म्हणाला, राजाची आज्ञा. वाकस दगडाएवढा जड होऊन खाली पडला. मेंढरवाल्या बायका हसल्या. तो म्हणाला, मला गरज आहे. वाकस पुन्हा पडला, या वेळी त्याच्या पायावर. एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, “बाबा, ही आमच्या सगळ्यांची सावली. मनातल्या मनात कारण असून भागत नाही. मोठ्यानं सांग, सगळ्यांपुढं सांग, आणि आम्हाला पटू दे.”

धाकोजी पाय चोळत खाली बसला आणि सगळ्यांपुढे सांगू लागला. येसाचं सांगितलं, पोटातल्या मुलाचं सांगितलं, अकरातले आठ दिवस गेले तेही सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, काहींनी पदर डोळ्यांना लावला. म्हातारीनं मान हलवली. बाभळीनं आपणहोऊन एक फांदी खाली वाकवली.

तो परतला तेव्हा येसा भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. पौर्णिमेला दोन दिवस होते. धाकोजीनं हात धुतले आणि कामाला बसला. तासलं, रंधलं, पटाशीनं खाचा पाडल्या. प्रधानाची दोरी काढून गाठीगाठीनं बैठकीची फळी मापली. सांजेपर्यंत तिवई उभी राहिली.

आणि ती डुगडुगली.

धाकोजीला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तीस वर्षांत त्याच्या हातची तिवई डुगडुगली नव्हती. कुणाच्याच हातची डुगडुगत नाही, तीन पायांना ते येतच नाही. त्यानं जमीन बघितली, पाय बघितले, तिवई ओटीवर नेली, परसात नेली, उलटी करून सुलटी केली. कशीही ठेवली तरी ती थरथरे आणि प्रधानाच्या वाड्याच्या दिशेला कलून उभी राही. सकाळी त्यानं मूठभर अळ्या नेऊन पक्ष्यापुढे ठेवल्या. पक्षी अळ्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “घेतल्या असत्या रे. पण हे मलाही ठाऊक नाही.”

आता मात्र धाकोजीचं डोकं पार बंद झालं. आत येसा कण्हली. तो तसाच उठून खोलीत गेला.

“ते काय हातात?” ठकूबाई कडाडली.

त्याच्या हातात मापाची दोरी तशीच होती.

“बाळंतिणीच्या खोलीत मापाची दोरी आणतात होय? बायको असती तर तिनं तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. आधी बाहेर टाका ती. न जन्मलेल्या जिवाचं माप घेऊ नये, एवढंही विसरलात?”

येसानं डोळे उघडले. तशाही स्थितीत तिला हसू आलं. “बाबांनी पाळण्याचं माप कुठं घेतलंय मावशी? पाळणा सगळ्यांचा एकाच मापाचा असतो.”

धाकोजी दारातच उभा राहिला.

खरंच होतं. त्याच्या हातून निघणाऱ्या प्रत्येक बैठकीला माप लागे, फक्त पाळण्याला लागत नसे. येणारं मूल मुलगा की मुलगी, गोरं की सावळं, राजाच्या घरचं की कुंभाराच्या, कुणाला ठाऊक नसतं. म्हणून चार वीत चार बोटं, हे एकच माप आज्यापणज्यापासून चालत आलेलं. येणारा कोण हे ठाऊक नसताना केलेली तेवढी एकच वस्तू. आणि ही तिवई? ती त्यानं कुणाच्या तरी गुडघ्याला आणि कमरेला बेतून केली होती. बसणारा आधीच ठरला होता, आणि ज्यानं ठरवला त्याच्याकडे ती कलत होती.

“ठकूबाई,” तो म्हणाला, “प्रधानाच्या मेव्हण्याची कमर केवढी हो?”

“ही एवढी,” ठकूबाईनं दोन्ही हात पसरून दाखवलं. “का?”

दोरीचा घेर बरोब्बर तेवढा होता.

त्यानं दोरी चुलीत टाकली. चूल तुपाचा थेंब मागायची विसरली आणि दोरी जाळून मोकळी झाली. मग तो परसात गेला. पाळण्याच्या तळाची फळी तिथं घासूनपुसून ठेवली होती. तो ती घेऊन येसापुढे उभा राहिला. 

“न्या,” येसा म्हणाली. “आधी ते येऊ दे. निजवायचं कुठं ते मग बघू.”

त्यानं तिवईची मापानं केलेली फळी काढली आणि तिच्या जागी पाळण्याची फळी बसवली.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी राजवाड्यापुढच्या मैदानात तिवई ठेवली. सिंहासन बाहेर आणलं होतं, राजा त्यावर बसला होता. गाव लोटलं होतं. मांत्रिक वेशीवरून येऊन गर्दीच्या कडेला उभा होता, भर उन्हात दातावर दात वाजत होते. येसाजवळ शेजारणी बसवून ठकूबाईही आली होती. काय होतंय ते बघून लगेच जाते, असं तिनं सांगितलं होतं.

प्रधानाचा मेव्हणा नवा शेला पांघरून पुढे आला आणि तिवईवर बसला. तो डावीकडून घसरला. सावरून बसला, तर उजवीकडून घसरला. तिसऱ्यांदा तो मातीत बसला.

“हे माप कुणाचं?” प्रधानानं दरडावून विचारलं.

“कुणाचंच नाही,” धाकोजी म्हणाला.  “बसणारा कोण ते मला ठाऊक नाही. ते या तिघांनी ठरवायचं.”

तिन्ही पाटील पुढे आले आणि भांडू लागले. एकानं नाव काढलं की दुसरे दोघं तुटून पडत. ऊन डोक्यावर आलं. धाकोजी सारखा आपल्या आळीकडे बघत होता. शेवटी धाकटा पाटील वैतागून म्हणाला, असं कोण आहे की ज्याच्याशी आपण तिघांनीही सारखंच वाकडं घेतलंय?  मग तिघांनी एकदमच मान वळवली आणि ठकूबाईकडे बघितलं. तिघांच्याही घरातल्या भानगडी तिला ठाऊक होत्या, आणि तिनं त्या ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगितल्या होत्या. पाठीमागे एक शब्द नाही.

“मला वेळ नाही,” ठकूबाई म्हणाली. “घरी पोर अडलीय.”

“ती याच्यासाठीच अडलीय,” धाकोजी म्हणाला. “बसा, ठकूबाई.”

ठकूबाई पदर खोचून बसली. तिवई हलली नाही.

मांत्रिक पुढे आला. “माझी घोंगडी,” एवढंच तो म्हणाला.

ठकूबाईनं गाऱ्हाणं कुणाकडे धाडलं नाही. तिनं नाकेदाराला समोर उभं केलं. “घोंगडी कुणाला दिलीस? तुझ्या धाकट्याच्या वेळी मी तीन रात्री जागलेय, माझ्याशी खोटं बोलू नकोस.” नाकेदार खाली बघत म्हणाला, कोतवालसाहेबांना, सणाची भेट म्हणून. कोतवाल म्हणाला, प्रधानजींना, मुलीच्या लग्नात. प्रधानानं नजर चुकवली. ठकूबाईनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याची नजर जिथं जायला घाबरत होती तिकडे बघितलं.

“महाराज,” ती म्हणाली, “उठा.”

मैदानातली मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

“या बाईला कुणी नेमलं?” प्रधान ओरडला. “नेमणूक आत्ताच्या आत्ता रद्द.”

सागाचा पाय जागचा हलला नाही. तिन्ही पाटलांनी मात्र छाती पुढे काढली.

“हिचं धान्य बंद करा.”

खैराच्या पायातून पाणी ठिबकलं, आणि तिवईभोवतीची माती ओली झाली.

तेव्हा प्रधान धावत गेला आणि त्यानं तिसरा पाय दोन्ही हातांनी धरून ओढला. “का?” बाभळीनं विचारलं. “सगळ्यांपुढं सांग.”

प्रधानानं तोंड उघडलं. सगळं मैदान ऐकत होतं. त्यानं तोंड मिटलं आणि हात सोडले.

राजा अजून बसलेलाच होता. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला काही समजत नाहीये. “पण आम्ही काय केलं?” तो म्हणाला. “आम्ही कुणाचं काही घेतलं नाही.”

“घेतलं नसेल,” ठकूबाई म्हणाली. “पण त्यावर बसलाय तुम्ही. बारा वर्षं.”

राजा उठला. सिंहासनाची गादी उचलली, तर खाली काळी घोंगडी, चौघडी घालून ठेवलेली. राजानं तिच्यावर हात फिरवला. “म्हणजे म्हणून हे इतकं उबदार लागायचं,” तो हळूच म्हणाला. त्याला वाटे की राजेपणाच असा उबदार असतो. त्यानं घोंगडी स्वतः नेऊन मांत्रिकाच्या खांद्यावर टाकली. मांत्रिकाचं कुडकुडणं थांबलं.

त्याच क्षणी भर दुपारी राज्यातला एकेक कोंबडा आरवला, आणि दाण्याकडे कुणी बघितलंही नाही. विहिरी काठापर्यंत भरल्या. सावल्या झाडांखाली परतल्या आणि तिथंच थांबल्या.

ठकूबाई आसन सोडून पळत सुटली, मागून धाकोजी. तिवई मैदानात रिकामी उभी होती, तरी ती कलली नाही. आळीच्या तोंडाशीच त्यांना टाहो ऐकू आला. दार आपणहोऊन उघडलं. येसा घामानं भिजलेली होती आणि हसत होती. ठकूबाईनं मूल उचललं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि धाकोजीच्या पुढे धरलं.

“बघितलंत? सगळी पोरं मुठी आवळून येतात.”

मुलीचे दोन्ही तळवे उघडे होते.

संध्याकाळी मांत्रिक दाराशी आला. पाळण्याची फळी तिवईला गेल्याचं त्याला समजलं होतं. घोंगडीची झोळी बांधा, मूल उबेत राहील, म्हणाला. धाकोजीनं हात पुढे केला, तोच ठकूबाईनं तो खाली केला. “ते घेऊन जा बाबा. मी त्या तिवईवर आहे तोवर माझ्या शेजारच्या घरातसुद्धा तुझी वस्तू नको.” मांत्रिक हसला आणि आपल्या वाटेनं गेला. धाकोजीनं आपलं जुनं धोतर आढ्याला बांधून झोळी केली, आणि ठकूबाईचं हे बोलणं बरोबर की जरा जास्तच, याचा विचार करत तो रात्रभर झोका देत बसला.

प्रधानाला उत्तरेच्या नाक्यावर उभं केलं. कुणाकुणाचं काय काय घेतलं ते ज्याच्या त्याच्या हातात परत द्यायचं, हे त्याचं काम. ते पुष्कळ वर्षं पुरलं. पाटलांनी ठरवून दिलेली सात वर्षं झाल्यावर ठकूबाई आपणहोऊन उठली, आणि पाटलांनी पुन्हा सकाळपासून दुपारपर्यंत भांडून दुसरं कुणी बसवलं. तिवईला कुणाचं माप नव्हतं, त्यामुळे ते मापातच बसलं. राजाला नव्या गादीवर थोडं थंड लागे. त्यानं तक्रार केली नाही.

त्या राज्यात कोंबडा आता आपल्या मनानं आरवतो. आणि ही गोष्ट इथं संपते, ऐकणाऱ्याकडून काही न मागता.